नाव खोडलं, जागा सुटेना

परंदवडीचा कारखाना, कॉम्प्युटरची खोली
ता. २४ नोव्हेंबर १९७९

ती. रखमाजीमामांस, महिपतीचा पायांवर डोकं ठेवून दंडवत.

परवा गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता माझं नशीब फिरलं, म्हणून हे पत्र. त्याआधी रीतीप्रमाणे : तुमचा गुडघा कसा आहे, खंडाळ्याच्या थंडीत मामींचा दमा उठला नाही ना, हॉटेलात गर्दी सुरू झाली का, हे सगळं मी सावकाश विचारलं असं समजून घ्या. आज डोकं जागेवर नाही. माफीनामा लिहायला साहेबांनी कोरे कागद देऊन मला इथे बसवलंय, पाचपर्यंत मुदत आहे, आणि त्याच कागदांवर मी तुम्हाला लिहितो आहे. माफी मी मागणार नाही. (हे आईला कळवू नका.)

पुण्याचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षात का सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. प्राध्यापकांशी भांडण झालं, दोघांपैकी एकाला जाणं भाग होतं, आणि त्यांना कुटुंब होतं. त्यावर मळवलीच्या अंबाजींनी, म्हणजे मुक्ताच्या वडिलांनी, मला अंगणातूनच परत लावलं. सा म्हैने एका जागी टिकून दाव, म्हणाले, मग पोरीचं नाव काढ. तुजा एक पाय कायम उंबऱ्याभायेर. ते सहा महिने पाच डिसेंबरला भरतात. अकरा दिवस राहिलेत, मामा. इतके महिने मी या कारखान्यात जीभ दातांखाली धरून काढले. (एकदाच सुटली, ती कँटीनमधल्या आमटीवरून, आणि ती आमटी त्याच लायकीची होती.)

आता यंत्राविषयी. आमचा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं धूड. त्यात तव्याएवढी एक तबकडी गरगर फिरते, तिला डिस्क म्हणतात, आणि कारखान्याची हजेरी, सुट्या भागांच्या याद्या, सगळं तिच्यावर उमटतं. प्रत्येक मजकुराला स्वतःचं नाव असतं. गुरुवारी मी हजेरी भरत होतो, तर यंत्र म्हणालं, जागा संपली. मी सगळ्या नावांची यादी काढली, एकेकाचा आकार मांडला, बेरीज केली. डिस्क जेमतेम चाळीस टक्के भरलेली. यंत्राला विचारलं, तर ते म्हणे शंभर. पुन्हा बेरीज केली, चाळीस. पुन्हा विचारलं, शंभर. काही नावं यादीत मुद्दाम लपवून ठेवता येतात, तीही हुडकली. त्यांनी बेरीज केसभरही हलली नाही. मामा, खोटं बोलणाऱ्या माणसाची गचांडी धरता येते. कपाटाची कुठे धरणार?

साहेब आले आणि न बघता म्हणाले, तुमचंच काहीतरी भरून ठेवलेलं असणार, ते मळवलीचं प्रकरण. (मळवली त्यांना कळलं केरबा शिपायामुळे. केरबाला कळलं माझ्यामुळे, ते वेगळं.) मी म्हटलं, यंत्र एकदा बंद करून चालू करू, खरं काय ते बाहेर पडेल. त्यावर साहेब असे दचकले की जणू मी त्यांचा श्वास बंद करायला निघालो होतो. यंत्राला हात लावायचा नाही, म्हणाले, आणि निघून गेले. दोन दिवस हजेरी पाटीवर खडूने लिहिली. साडेतीनशे माणसांची, पाटीवर!

आज सकाळी केरबा झाडू मारता मारता म्हणाला, ‘‘त्या कोपऱ्यातल्या टायपिंगच्या यंत्राला सायबांनी खंडेनवमीला हार घातला, नारळ फोडला आन् कायतरी चालू केलं. त्ये बंद कुटं झालंय अजून?’’ बघतो तर झेंडूचा वाळलेला हार तसाच, वर सोवळ्याचं फडकं झाकलेलं. मग मी यंत्राकडून चालू कामांची यादी मागवली. तुमच्या हॉटेलाचं उदाहरण देतो म्हणजे कळेल. पाहुण्याचं नाव वहीतून खोडलं, पण पाहुणा आतून कडी लावून बसलेला. वही म्हणते खोली रिकामी. किल्ल्यांचा फळा म्हणतो, किल्ली आली नाही. दोघंही खरं बोलतात. आमचंही तेच झालं होतं. मजकुराचं नाव कुणीतरी खोडलं होतं, पण तो लिहिणारं काम अजून चालूच होतं, आणि बिननावाचा मजकूर जागा खात फुगत चालला होता.

ते काम साहेबांचं निघालं. त्यांच्या आईचा नवस आहे, अकरा लाख रामनाम लिहून काढायचा. म्हातारीचे हात थरथरतात, म्हणून लेकाने खंडेनवमीचा मुहूर्त धरून ते कॉम्प्युटरला लावलं. आईने अट घातली की नाम माणसाच्या संथपणानेच लिहायचं, एका श्वासाला एक, नाहीतर पुण्य लागत नाही. म्हणून यंत्र दर पाच सेकंदांनी एक राम लिहीत होतं, दिवसरात्र. पुढे मुंबईचे वरिष्ठ तपासणीला यायचे होते, तेव्हा यादीत हे दिसू नये म्हणून साहेबांनी नाव खोडलं. जप मोडणं अशुभ, म्हणून काम तसंच चालू ठेवलं. आणि आळ माझ्यावर!

मी ते थांबवलं. डिस्क तत्क्षणी चाळिसावर आली, पाटीवरची हजेरी आत गेली. साहेब धावत आले. नऊ लाख नामं झाली होती. लिहिणारा थांबला की बिननावाचा मजकूर पुसलाच जातो, परत मिळत नाही. मला वाटलं ते ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, आता आईला काय सांगू? त्या वेळी मला थोडं वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण लगेच उठून म्हणाले, परवानगीवाचून दुसऱ्याचं काम मोडल्याबद्दल लेखी माफी द्या, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. आणि मळवलीचा आळ? त्याची माफी कोण लिहिणार? म्हणून सांगतो, नोकरी गेली तर जाऊ दे, मान वाकणार नाही.

कळावे, लोभ आहेच. मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

आपला,
महिपती

ता. क. पाच डिसेंबरला बुधवार आहे. त्या दिवशी सुट्टी काढून तुम्ही अंबाजींकडे याल का? पटका बांधून या. तुमच्यापुढे ते आवाज चढवत नाहीत, आणि बोलणी सुरू झाली की मला तिथे बसवू नका.

ता. क. दुसरा. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. चालू कामांच्या यादीत बिननावाची दोन होती. दुसरं माझं. दिवाळीच्या पाडव्याला मी यंत्राला मुक्ताचं नाव लिहायला लावलं होतं, आणि मला धीर नसल्याने एका श्वासाला दहा. साहेबांची पावलं वाजली तसं नाव खोडलं, आणि काम थांबवायचं राहून गेलं, ते आजवर. आज दोन्ही एकदमच थांबवली. मोकळी झालेली जागा मोजली. राम एक भाग, मुक्ता नऊ भाग. साहेबांना हे कळलेलं नाही.

ता. क. तिसरा. माफीनामा लिहिला. दोन ओळींचा आहे, पण शाई चांगली आली आहे. साहेबांच्या टेबलावर ठेवायला निघालो. जाताना हे दार धाडकन आपटायचं मनात होतं; पण आतला गारवा टिकावा म्हणून त्याला वर दांडा बसवलाय, कितीही जोरात ओढलं तरी ते आपल्याच चालीने, हळू लागतं. तरी ओढतोच.