खालापूरच्या बाईची गाठ

आई, आज कळंबच्या एका बाईच्या डोक्याच्या कातडीतून काढलेली गाठ तपासायला माझ्याकडे आली. सकाळपासून तीच काच पुन्हा पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवतेय आणि रिपोर्टवर एक अक्षर लिहिलेलं नाही. केसाच्या मुळाभोवती जे आवरण असतं, ते बनायची धडपड करणारी ही गाठ. तशी दुर्मीळ, आणि बहुतेकदा निरुपद्रवी. पण हिच्यासारखीच दिसणारी, जीव घेणारीही एक असते. दोघींतला फरक मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. तू शिकवलास, कर्जतच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याशी.

खाली तुझी लॅब, वर आपलं घर, आणि जेवणाच्या टेबलावर तुझा जुना मायक्रोस्कोप. पोळ्या करता करता तू पोळपाटावर कोरडं पीठ पसरायचीस आणि त्यात कणकेचा गोळा दाबायचीस. पीठ बाजूला सरकायचं, गोळ्याची कड गोलच राहायची. "ही ढकलते. हिला भ्यायचं नाही." मग त्याच पिठावर पाणी सांडायचीस. पाणी वाट फुटेल तिकडे शिरायचं. "ही घुसते. आता काचेत बघ. ढकलते की घुसते?" मी चुकले तर तू ओरडत नसायचीस. पेनाचं टोपण काढून विचारायचीस, "मग लिहू का तसं?" मी घाईघाईने उत्तर बदलायचे आणि तू टोपण लावून बाबांना सांगायचीस, "हिच्या हातून कुणीतरी मरणार आहे." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा आवाजात.

पेशंटनाही तू सोडत नव्हतीस. मी शाळेत असताना ठाकुरवाडीहून आलेली एक बाई आठवते. अंबाडा सोडला तर खाली लिंबाएवढी गाठ.

"एवढी होईपर्यंत काय करत होतीस?"

"दुखत नवती, बाय. केसांत दिसती कुनाला?"

"तुला तर हाताला लागत होती ना? का डोकं विंचरतच नाहीस?"

बाई ओशाळून हसली, म्हणाली, "तुमी लय बोलता, पन खरं बोलता." ती गेल्यावर तू मला म्हणालीस, ही माणसं मूर्खपणाने मरतात, आजाराने नाही. मला ते फार पटलं होतं.

एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका शनिवारी घरी आले. तू डोक्याला रुमाल बांधलेला, सर्दी झाली म्हणालीस. मी बॅगही ठेवली नव्हती, तोच तू काच पुढे केलीस. "खालापूरची बाई, साठीची. डोक्यातली गाठ. सांग." आतून बाबा म्हणाले, "अगं, तिला जेवू तरी दे." तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस.

मी बघते आहे. फुगलेल्या पेशी, कातडीत दिसते ती मधली पायरी गाळून, एकदम घट्ट गुलाबी होतायत, म्हणजे केसाच्या आवरणाची गाठ, हे नक्की. कड गोल आहे. मी म्हणते, "साधी आहे. ढकलते." तू माझ्या मागे उभी आहेस. तिथूनच विचारतेस, "मग लिहू का तसं?"

आई, तुझ्या हातात त्या दिवशी पेन नव्हतं. पण मी वळून बघितलंच नाही. चुकलेच असणार, म्हणून मी काच जराजरा सरकवत गेले आणि एका कोपऱ्यात मला ते सापडलं. कड फाटलेली, पेशी वेड्यावाकड्या, झुंडीने आत शिरलेल्या. मी जवळजवळ ओरडलेच, "घुसते! कॅन्सर आहे!" आणि तू खूश व्हावंस म्हणून तुझ्याच आवाजात पुढे म्हणाले, "इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरली? कमाल आहे बयेची. अडाणी असणार."

"नाही, चांगली शिकलेली आहे," तू म्हणालीस. "शिकलेल्या जास्त गाढव असतात." आणि हसलीस. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "शाबास." आयुष्यात पहिल्यांदा. मी त्या दिवशी भातावर दोनदा तूप घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कात्री मागितलीस. आरशासमोर बसून रुमाल सोडलास. मागे केस भादरलेले, टाके, आयोडीनचे डाग. "उरलेले पण काप. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणखी आतून," म्हणालीस. माझ्या हातून कात्री पडली, तर म्हणालीस, "नीट धर. गाढवाचे का असेनात, केस माझेच आहेत."

पुढे तू पावसाळ्यापर्यंतही टिकली नाहीस. गाठ मानेत उतरली, मग फुप्फुसात. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाशी भांडते आहे. स्वतःच्या काचेवर तुझा भरवसा नव्हता, म्हणून माझे डोळे हवे होते, की तुला 'साधी' हा शब्द कुणाकडून तरी ऐकायचा होता? तो मी म्हटला होता. 'मग लिहू का तसं?' हे, मला वाटतं, तू त्या एकदाच खरोखर विचारलंस. आणि तूच मला असं घडवलं होतंस की मला त्यात फक्त टोमणा ऐकू आला. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर तिने वळून तुझा चेहरा बघितला असता. कॅन्सर होताच, आज ना उद्या कळलाच असता. पण तुला निदान एक सुखाची रात्र मिळाली असती. ती तू मला मिळू दिलीस, स्वतःला नाही. हा लाड होता की शिक्षा, हे मला अजून ठरवता येत नाही.

कळंबच्या बाईची कड सगळीकडून गोल आहे. कोपरेसुद्धा स्वच्छ. दुपारी मी कॅन्सर शोधणं थांबवलं आणि 'साधी' असं लिहून टाकलं. खाली ती बाई वाट बघत बसली होती, तिला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मंग एवढा वेळ कशाला लावला वं, म्याडम? जीव गेला माजा हितं बसून."

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच सांगते. कात्री खाली पडली ना, ती रडू आलं म्हणून नाही. खालापूरची ती बाई तू आहेस हे कळल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी आलं होतं, की म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं.