ब्रुएरा सरांचं मत

५ मार्च, मंगळवार

सर हो म्हणाले! आमच्या कंपनीचं बोर्ड पूर्ण झालं. मी, माझी भागीदार यानिना (यंत्र तिचं, बडबड माझी), ज्यांनी पैसे घातले त्यांच्या वतीने बुएनोस आयरेसचा इग्नासिओ पेरेदा, आणि अध्यक्ष, इंजिनिअर आन्सेल्मो ब्रुएरा. दोन-दोन मतं पडली तर निर्णायक मत अध्यक्षांचं. हे कलम मी आग्रहाने घालून घेतलं. मला होयबांचं बोर्ड नको आहे. ज्यांनी मला तोंडी परीक्षेत दोनदा नापास केलं आणि तिसऱ्यांदा दहापैकी चार देऊन जेमतेम सोडलं, ते ब्रुएरा सर कुणाचे होयबा होणं शक्य नाही.

त्यांची मुलगी मिर्ता दारापर्यंत आली. बाबांच्या डॉक्टरांबद्दल काही सांगत होती. म्हटलं, काळजी करू नकोस, महिन्यातून दोनच तास, ने-आण मी करीन. ती म्हणाली, "लिसांद्रो, तू ऐकतोयस ना?" ऐकत होतो.

संकल्प: कागदपत्रं आठवडाभर आधी पाठवायची. वाईट बातमी सगळ्यात आधी सांगायची. सरांसमोर टाय घालायचा नाही, लाचार दिसतं.

२ एप्रिल, मंगळवार

पहिली मीटिंग. टाय घातला होता.

गुरांच्या पाण्याच्या टाकीत आमचं यंत्र बसवलं, की पाणी उतरल्याबरोबर फोन वाजतो. तीस किलोमीटर गाडी हाकून टाकीत डोकवायला नको. हे मी पंचवीस मिनिटं सांगितलं.  मग सर, कॉलेजातल्यासारखे आडनावाने, म्हणाले, "हे कोणासाठी आहे, किंतेरोस?"

मी म्हटलं, कुरणाच्या मालकासाठी, सर. ते नुसते बघत राहिले. परत सोडताना गाडीत माझ्या डोक्यात उजेड पडला. मालक इथे कोर्दोबात राहतो. टाकीकडे बघतो तो गुराखी. फोनवर दिसणारा सगळा पडदा गुराख्यासाठी नव्याने करायचा. यानिना (ती मला लिचोच म्हणते) फोनवर म्हणाली, "अरे लिचो, त्यांनी नुसतं विचारलं."

मिनिट्सवर सही करताना सरांनी शेजारी ६ लिहिलं. इग्नासिओ म्हणाला, हे काय? मी सांगितलं की चांगली बोर्डं स्वतःचं मूल्यमापन करतात. आमच्या वेळी परीक्षेनंतर सर ज्याच्या त्याच्या छोट्या वहीत गुण लिहून सही करायचे, तेही त्याला सांगितलं. यानिना खिडकीतून बाहेर बघत होती.

सहा! मला चार होते.

७ मे, मंगळवार

गुराख्यांसाठीचा नवा पडदा दाखवला. मोठी बटणं, गाईची चित्रं. सर म्हणाले, "हे कोणासाठी आहे, किंतेरोस?"

तेच शब्द, तोच सूर.  म्हणजे मागचं उत्तर वरवरचं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं. आता दूध-उत्पादकांकडे वळायचं असं ठरवतो आहे.

एक बारीकशी गोष्ट. येर्बाच्या कडू चहाचा एकच पेला सगळ्यांत फिरत होता. ओतत मीच होतो. सरांनी पेला परत देताना "थँक्यू" म्हटलं, म्हणजे आता पुरे. पुढच्या फेरीत मी त्यांना वगळून इग्नासिओला दिला. सर एकदम ओशाळले. "मला नाही?" म्हणाले. मी पटकन भरून दिला. पुन्हा थँक्यू, पुन्हा हात पुढे. यानिनाने माझ्याकडे पाहिलं. मी अजेंड्याकडे पाहिलं.

गुण ५. बरोबरच आहे.

१९ मे

यानिनाशी भांडण. ती म्हणाली, हे बोर्ड नाही, तुझी राहिलेली तोंडी परीक्षा आहे, आणि फी आम्ही भरतोय. मी शांतपणे सांगितलं की तिला टीकेची सवय नाही. ती म्हणाली, "टीका? लिचो, ते टीका करत नाहीयेत." मग रडली. मी तिला पाणी दिलं. मी चांगला ऐकणारा आहे असं मला वाटतं. नक्की नाही.

४ जून, मंगळवार

सरांनी तो प्रश्न आज दोनदा विचारला. सुरुवातीला एकदा आणि मी उत्तर देऊन खाली बसल्यावर पुन्हा. इतका कठोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. दूध-उत्पादकही नकोत. नगरपालिकांचे पाणीसाठे घ्यावेत का?

गुण ४. माझा जुना आकडा.

कंपनीतल्या अकरापैकी दोघं नोकरी सोडून गेली. जाताना एक मुलगी म्हणाली, आपण काय बनवतो हे आईला सांगता येत नाही आता.

२ जुलै, मंगळवार

सर आले नाहीत. मी न्यायला गेलो तर मिर्ता ऐन थंडीत अंगणात कोट न घालता उभी. बाबा सकाळीच बाहेर पडले होते. दोघांनी मिळून शोधलं. सापडले इंजिनिअरिंग कॉलेजात, जुन्या परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर. हात गार पडले होते. म्हणाले, "पोरं आली नाहीत अजून." मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही आलात, बरं झालं."

मीटिंग रद्द. कारण काय लिहावं? "अध्यक्ष संस्थेच्या कामात व्यग्र" असं लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं. बोर्डावरच्या बाहेरच्या माणसाची नाळ कंपनीबाहेर जुळलेली असावी, असं म्हणतातच.

६ ऑगस्ट, मंगळवार

शेतीमालाची एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला तयार आहे. यंत्र राहील, यानिना राहील, उरलेली नऊ माणसं राहतील. मी "सल्लागार" होईन, म्हणजे खुर्ची नाही. बोर्ड अर्थातच बरखास्त. इग्नासिओ विकायच्या बाजूने. यानिनाही. मीटिंगच्या शेवटी चारच शब्द तिने माझ्याकडे न बघता म्हटले: "मी दमले रे, लिचो."

मतदान ३ सप्टेंबरला. दोघं विरुद्ध आम्ही दोघं, आणि निर्णायक मत सरांचं. म्हणजे कंपनी माझीच राहणार. मी निश्चिंत आहे.

आज सरांनी मिनिट्सवर गुण लिहिले नाहीत. पेन कुठे टेकवायचं ते मला बोट ठेवून दाखवावं लागलं.

२ सप्टेंबर, सोमवार

सरांना विषय समजावून द्यायला गेलो. अध्यक्षांना आधी माहिती देणं हे कर्तव्यच आहे. सगळं सावकाश सांगितलं. म्हटलं, सर, इग्नासिओ विचारेल, विक्रीच्या विरोधात कोण? तेव्हा हात वर करायचा. त्यांनी केला. म्हटलं, शाब्बास. पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा मी प्रश्न विचारायच्या आधीच हात वर गेला. चौथ्यांदा नीट जमलं.

वळून पाहिलं तर मिर्ता स्वयंपाकघराच्या दारात. ओले हात तसेच. म्हणाली, "बाबांना हात वर करायला शिकवतोयस?"

मी म्हटलं, माहिती देतोय.

ती म्हणाली, "मार्चमध्ये तुला सगळं सांगितलं होतं मी. दारात. डॉक्टरांनी त्याला काय नाव दिलं तेही सांगितलं होतं. तू हसून गाडीत बसलास. मला वाटलं, असू दे, मंगळवारी बाबा दाढी करून तयार बसतात, तेवढंच."

तिने मला थांबवलं नाही. मीही थांबलो नाही. निघताना सरांना पुन्हा एकदा आठवण करून दिली.

३ सप्टेंबर, मंगळवार

जसं घडलं तसं लिहितो.

इग्नासिओने विचारलं, खिडकी उघडू का? सरांनी हात वर केला. कुणी हसलं नाही. इग्नासिओला मी सहा महिने उर्मट राजधानीवाला समजत होतो. त्याने उठून खिडकी उघडली आणि म्हणाला, "आभारी आहे, इंजिनिअर."

मग मतदान. विक्रीच्या बाजूने दोन हात. विरोधात मी. सरांचे हात मांडीवर. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी पाहिलं, हे लिहून ठेवायला हवं. त्यांनी लगेच हात वर केला आणि माझ्याकडे बघत राहिले. जमलं का, बरोबर आलं का? टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून मी तीनदा त्यांच्याकडे असंच बघितलं होतं.

इग्नासिओ म्हणाला, "तू सचिव आहेस, लिसांद्रो. तू जे लिहिशील त्यावर मी सही करीन."

तो हात वरच होता.  मी उठून तो धरून खाली आणला आणि म्हटलं, छान, सर, अगदी बरोबर. मग लिहिलं: अध्यक्षांचं मत मोजू नये. विक्री मंजूर, दोन विरुद्ध एक.

यानिनाने टेबलाखाली माझा गुडघा दाबला. मला ते नको होतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज प्राध्यापक दिन. पाव घेऊन सरांकडे गेलो. ते दाढी करून, कोट चढवून बसले होते. मिर्ता म्हणाली, मंगळवार आहे ना.

त्यांनी मला समोर बसवलं, मिर्ताला शेजारी. परीक्षेला टेबलाशी तिघं परीक्षक लागतात, म्हणून तिसऱ्या रिकाम्या खुर्चीकडेही एकदा मान लववली. मग म्हणाले, "हे कोणासाठी होतं, किंतेरोस?"

आज "होतं" म्हणाले. निदान मला तसं ऐकू आलं. त्यात अर्थ शोधणार नाही.

मालक, गुराखी, दूधवाले, नगरपालिका, सगळे आठवले. म्हटलं, "तुमच्यासाठी, सर."

सरांनी बराच विचार केला. किराण्याची यादी लिहायची वही ओढली, २ लिहिलं, खाली सही केली. सही अजून तशीच आहे, देखणी. म्हणाले, "तयारी नाही. डिसेंबरच्या परीक्षेला या."

मी थँक्यू म्हटलं. पेला तरीही माझ्याकडे आला, कारण आज ओतत मिर्ता होती, आणि त्यांच्या घरात आता थँक्यूने फेरी संपत नाही. मी प्यायलो.

दारापर्यंत तीच आली. डिसेंबरबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते तिने सांगितलं. तेव्हा ते मला ओळखतील असं नाही, आणि घरी असतील असंही नाही. या वेळी सगळं ऐकून घेतलं.

तरी तारीख लिहून ठेवली आहे. ३ डिसेंबर, मंगळवार, चार वाजता. टाय घालून.