डब्ब्यावरचा नंबर

प्रिय अहो,

आधी कारण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणणार, "सुनंदा, मुद्द्यावर ये." काल मी बोरी अरबजवळच्या तांड्यावर जाऊन तिथला डब्बा चालू करून आले. एकटी गेले होते. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे ना? निनाद काही सांगणार नाही. त्याच्या मते तुमच्या मागे त्या डब्ब्यांचं काही खरं नाही.

पोराला दोष देत नाही हो. दिवाळीच्या आधी तुम्ही गेले, तेव्हापासून तो पुण्याहून धावतोच आहे. परवा आला आणि म्हणाला, "आई, बाबांचा नंबर आता बंद करून टाकू. लोक फोन करत राहणार. तू त्यांना काय सांगशील?" चूक काय त्याची? पण तुम्ही तर तो नंबर प्रत्येक डब्ब्यावर लाल ऑइलपेंटने रंगवून ठेवला आहे! आर्णीकडच्या अभ्यासिकेत आहे, दारव्ह्याच्या वाचनालयात आहे, पार पांढरकवड्याच्या पुढे जंगलातल्या शाळेतही आहे. नंबर गेला की पहिल्या बिघाडालाच डब्बा माळ्यावर जाईल. तिथून तो कोणी खाली काढणार नाही.

सुनेने विचारलं, "आई, पण डब्बा म्हणजे नेमकं काय?" मी सांगितलं. लाइटफिटिंगचा प्लास्टिकचा डब्बा. त्यात पत्त्याच्या पानाएवढा कंप्युटर, तुमच्या भाषेत बोर्ड, मोबाइलमध्ये असते तशी एआरएमची चिप, आणि विंडोजच्या जागी लिनक्स, तेही मेमरी कार्डावर. पंखा नाही, आवाज नाही. त्याचं स्वतःचं वायफाय असतं. पोरीबाळींनी फोन जोडला की नेट नसतानाही धडे, जुने पेपर, सराव परीक्षा, सगळं उघडतं. ती म्हणाली, "मग आता हे बघणार कोण?"

म्हणून मी निनादला शब्द देऊन बसले. पुढचा जो डब्बा बंद पडेल तो मला चालू करता आला तर नंबर राहील. नाही आला तर मीच बंद करीन, आणि मग कोणी काही बोलायचं नाही.

बोलून तर बसले! आपलं काम कसं चालायचं, आठवतं ना? फोन कधी तुम्ही घेतला? दोन मिनिटांत चिडायचे समोरच्यावर. "लाल दिवा लागला का ते विचार!" तुम्ही खुर्चीतून ओरडायचे, आणि मी फोनवर गोड आवाजात, "दादा, लाल दिवा दिसतो का बघा बरं." टेलिफोन खात्यात मी उभी नोकरी लाइनी जोडण्यात काढली, घरी तुम्ही मला ऑपरेटर करून ठेवलं. माझ्या तोंडात तुमच्या सगळ्या कमांड आहेत. बोटांत एक नव्हती.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. तांड्यावरची कविता, नायकांची सून, अभ्यासिका सांभाळते ती. "काकू, डब्ब्याची हिरवी लाइट नाही लागून राह्यली. सरले द्या ना फोन."

मी म्हटलं, "सर बाहेर गेले आहेत. मीच येते."

असंच सांगत आले सगळ्यांना. तोंडातून दुसरं काही निघतच नाही, त्याला मी काय करू?

तुमचा लॅपटॉप उघडला. प्रत्येक डब्ब्याच्या कार्डाची अख्खी नक्कल तुम्ही त्यात ठेवली आहे, हे माहीत होतं. पण नावं काय दिली आहेत हो! बोरी तांड्याच्या दोन फायली. एक 'नवा', दुसरी 'खरा-नवा'. शहाण्या माणसा, मग पहिला काय खोटा होता? मी 'नवा' उचलला.

आता ती नक्कल कोऱ्या कार्डावर उतरवायची होती. तुमची ती दोन अक्षरी डीडी. तुम्हीच सांगायचे, ह्या कमांडला डोळे नसतात. कार्डाच्या नावाऐवजी लॅपटॉपच्या डिस्कचं नाव गेलं तर ती तुमचीच डिस्क मुकाट्याने पुसणार. सगळ्या नकला, तुमचे फोटो, सगळं. मग खात्यातली सवय कामी आली. कोणती तारांची जोडी कोणाच्या घरची, ते कळत नसलं की आम्ही ती काढून बघायचो, कोणाचा फोन मरतो ते. तसंच केलं. डिस्कची यादी पाहिली, कार्ड उपसलं, पुन्हा पाहिली. जे नाव गायब झालं ते कार्डाचं. कार्ड घालून आणखी एकदा पाहिली. मग देवाचं नाव घेऊन एंटर दाबलं.

निनाद मागे उभा होता. एसटी स्टँडवर सोडायलाही आला, लॅपटॉपची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

तांड्यावर सगळीकडे कापूस वेचणं चालू. तरी अभ्यासिकेत दहा-बारा जणी बसल्या होत्या. पोलीस भरतीची तयारी चालली आहे ना. मी डब्बा उघडला. तुमचा जाड वायरचा चार्जर कुठे दिसेना! त्याच्या जागी एक मरतुकडा, दोऱ्याएवढ्या वायरचा. त्याने डब्ब्याला पुरेशी वीज मिळणार कशी? कविता म्हणाली, "तो चांगला होता ना काकू, मोबाइल लवकर चार्ज होते त्याच्यानं. जो तो मांगून नेते. परत कोन आनून देईन?"

आणि कार्ड? त्याची कहाणी नायकांनीच, कविताच्या सासऱ्यांनी, सांगितली. "म्याच नेलतं जी कार्ड, बाजाराच्या दिवशी, मोबाइलच्या दुकानात. म्हटलं, दाखवून तर पाहू." दुकानवाल्याने कंप्युटरला लावलं. कंप्युटर म्हणाला, हे कार्ड मला वाचता येत नाही, साफ करू का? लिनक्सचं कार्ड त्याच्या कंप्युटरला वाचता येणार कसं? दुकानवाल्याने साफ केलं. बरं, गिऱ्हाइकाला रिकामं कार्ड परत कसं द्यायचं? इथल्या कोणत्याही दुकानात ही रीत नाही. म्हणून त्याने देवीची गाणी आणि लग्नाची गाणी भरून दिली. चांगली ठासून!

मला हसू आवरेना. नायक बिचारे ओशाळून उभे. म्हणाले, "सर रागावतीन का?"

तेव्हा सांगितलं मी. म्हटलं, "नायक, सर नाही रागावणार. सर वारले. दिवाळीच्या आधी."

नायक म्हणाले, "काहून नाही सांगतलं जी बाई? आम्ही आलो असतो ना मातीले. अख्खा तांडा आला असता." आणि तिथेच, उंबऱ्यावर बसले. अहो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या मातीला यायचा हक्क मी किती जणांचा हिरावून घेतला, ते मला त्या उंबऱ्याशी कळलं.

कविताने चहा आणला. मी कार्ड घातलं, घरून नेलेला चांगला चार्जर लावला. लाल दिवा लागला, हिरवा काही लुकलुकेना. अभ्यासिकेतल्या टीव्हीला जोडला, त्याचा पडदाही काळा. पुन्हा लावलं, पुन्हा काळा. दहा-बारा जणींचे डोळे माझ्या बोटांवर. मनात म्हटलं, संपलं. संध्याकाळी घरी जाऊन निनादला सांगायचं, कर बाबा बंद.

मग लॅपटॉप थेट बोर्डाला जोडायची तुमची तीन तारांची केबल आठवली. पडदा मुका असला तरी बोर्ड त्या तारेवर बोलतो, हे तुम्ही किती वेळा ओरडून सांगितलं आहे. काळी तार जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. बाकीच्या दोन उलटसुलट लावायच्या, आपलं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड आपल्या कानाला. टेलिफोनवालीला हे काय शिकवायचं! लावली. तारेवर एक अक्षर आलं नाही. बिघाड असता तर कुरकुर तरी केली असती. हा तर उठतच नव्हता. म्हणजे कार्डावर जे आहे ते ह्याचं नाहीच.

आणि मग लख्ख आठवलं. मृगात त्या अभ्यासिकेवर वीज पडली होती! जुना बोर्ड जळाला, तुम्ही दुसऱ्या जातीचा बसवला होता. साध्या कंप्युटरची डिस्क काढून दुसऱ्यात घातली तर बहुतेक चालते. ह्या छोट्या बोर्डांचं तसं नाही. प्रत्येक जातीची उठायची तऱ्हा वेगळी, एकाचं कार्ड दुसऱ्याला चालत नाही. म्हणून तो 'खरा-नवा'! अहो, पण नावात बोर्डाची जात लिहायला काय झालं होतं? सगळं तुमच्या डोक्यात. आणि डोकं घेऊन गेले तुम्ही!

इथे जरा भांडते. प्रत्येक डब्ब्यावर नंबराच्या खाली तुम्ही चिठ्ठी चिकटवली आहे, 'कोणीही हात लावू नये'. कविता बी.ए. झालेली. दोन वर्षं तो डब्बा पुसते, पण उघडून कधी पाहिला नाही. सरांनी सांगितलं होतं ना! म्हणूनच कार्ड दुकानात गेलं. नायकांची चूक नाही, दुकानवाल्याचीही नाही. तिला हात लावू दिला असता तर तिने तिथेच चार्जर बदलून बघितला असता. तुम्हाला वाटायचं, लोक बिघडवतील. बिघडवू द्यायचं होतं. मीच नाही का काल शिकले?

'खरा-नवा' मी स्वतः उतरवला नाही. कविताला बसवलं लॅपटॉपपुढे. "कार्ड काढ, यादी पाहा, कोणतं नाव गेलं?" तिने बरोबर सांगितलं. एंटरही तिनेच दाबलं. कार्ड भरेपर्यंत नायकांनी तुमच्या गोष्टी सांगितल्या. तुम्ही त्यांच्याकडे तिखट रश्शाचं जेवण करून येत होते म्हणे? डॉक्टरने मना केलं असताना? बरं आहे!

कार्ड घातलं. तारेवर अक्षरं धावायला लागली. भराभरा, ओळीवर ओळी. एवढं छान मला आयुष्यात काही वाटलं नसेल. कविता ओरडलीच, "उठला! काकू, उठला!" एका पोरीने फोन जोडला, धडे उघडले. पोळ्यानंतर पोरींनी सोडवलेल्या परीक्षा मात्र गेल्या, त्या नकलेत नव्हत्या. बॅकअप बॅकअप म्हणून जगाला ओरडायचे, शेवटचे दोन महिने तुम्हीच घेतला नाही. छातीत दुखतं हे तेव्हाच बोलले असते तर?

असो.

मग कविता म्हणाली, "काकू, तारीख पाहा ना. तान्ह्या पोळ्याची दाखवून राह्यला."

त्या बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसते. नेट नसलं की तो शेवटचं जे आठवतं तिथून वेळ मोजायला लागतो. ही नक्कल तुम्ही तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काढली होती. चिखलाच्या चपला घालून घरी आले होते त्या दिवशी, आल्या आल्या भजे मागितले होते. त्या डब्ब्याला पुढचं काही माहीतच नाही. त्याच्या हिशेबाने तुम्ही बाहेर ओसरीत नायकांशी बोलत बसले आहात, आता आत येणार आणि मला म्हणणार, सरक बाजूला.

मला ती तारीख बदलायची नव्हती. खरं सांगते, अजिबात नव्हती. तशीच राहू द्यावी, असं वाटलं. पण सराव परीक्षा तारखेवर उघडतात. पोरी थांबल्या होत्या. मी कालची तारीख टाकली, माझ्या बोटांनी, आणि एंटर दाबलं. मग रडले. सगळ्यांसमोर, चांगली हुंदके देऊन. कविता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि पोरींनी पेपर सोडवायला घेतला.

घरी आले तर निनाद दारात. तोंड बघूनच समजला. म्हणाला, "मग नंबर ठेवायचा तर?" मी म्हटलं, "ठेवायचा."

तेव्हा आता माझा शब्द. नंबर राहील, आणि उचलीन मीच. येत्या रविवारपासून प्रत्येक गावच्या एकेका माणसाला आपल्या हॉलमध्ये बोलावणार आहे. पहिली कविता. डब्बा उघडायचा, कार्ड उतरवायचं, तीन तारा जोडायच्या, सगळं शिकवणार. प्रत्येकाला त्याच्या कार्डाची नक्कल देणार, पासवर्डही देणार. तुम्ही चिडाल. चिडा! आणि जो फोन करील त्याला आधी खरं काय ते सांगणार, मग विचारणार, लाल दिवा लागला का.

एकच राहिलं आहे. माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर 'हे' म्हणून आहे. तुमचा फोन घरातच असतो, कपाटावर, तरी मी बाजारातून त्यावर रिंग देते. वाजून वाजून थांबते. हे आता सोडायला पाहिजे, तेवढ्यात एखाद्या गावचा फोन लागायचा नाही. म्हणून ते नाव खोडून तिथे 'डब्बे' लिहिणार आहे. आज काढला होता फोन हातात. नाही जमलं. उद्या करते.

तुमचीच,
सुनंदा