ओठावरची हिरवी पेस्ट

प्रिय जिपार,

अनेक आशीर्वाद. पार्सल पोचलं. मधाची बरणी एक, सुयांची पुडी, माझा रुमाल, आणि टूथपेस्टची हिरवी नळी, जिच्यावरची साठ सोम किमतीची चिठ्ठी काढायला तू विसरलीस. थुंकून टाकायच्या वस्तूला साठ सोम! आपण मिठाने दात घासतो, आणि अल्लाच्या कृपेने तुझ्या अतांचे, माझ्या धन्याचे, बत्तीसही शाबूत आहेत. पण ही दातांसाठी नाही, मधमाशी चावली तर लावायला, भाजल्यावर मात्र लावू नकोस, हे तुझ्या चिठ्ठीत वाचून मी हसले. तो देवदारासारखा वास मी दोन उन्हाळ्यांमागेच ओळखला होता. तुझ्या घोट्यावर हिरवा ठिपका होता आणि तू म्हणालीस, पाल्याचा रस. अगं, आख्ख्या कुरणावर अशी नळी एकाच तंबूत होती, मधमाश्या पाळणाऱ्या एर्मेकच्या! मी गप्प बसले. तेव्हाच बोलले असते तर तू रीतीने सासरी गेली असतीस, अशी न सांगता एर्मेकबरोबर पळून नाही.

वसंतात एर्मेकचे वडीलधारे ‘आचू बसार’ घेऊन आले, मुलीकडच्यांचा राग शांत करायची भेट. चांगली पुष्ट मेंढी होती. तुझ्या अतांनी ती आणि माणसं दोन्ही दारातून परत पाठवली, चहासुद्धा न देता. आपल्यात शत्रूही चहाशिवाय जात नाही. त्या दिवसापासून घरात तुझं नाव निघालं नाही, म्हणून पार्सल मी गोधड्यांच्या चळतीखाली ठेवलं.

शुक्रवारी तुझे अता किमिझ, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला बसले. वाडग्याच्या काठावर मधमाशी होती, ती वरच्या ओठाला डसली. ओठ भाकरीएवढा! ओरडायचं होतं, पण तोंडच उघडेना. मी नखाने काटा खरवडला, झऱ्याच्या पाण्याने ओठ धुतला आणि तुझी पेस्ट लावली. जरा थंड वाटल्यावर खुणेने विचारलं, ही कुठली? नुकतीच नमाज झाली होती, खोटं कसं बोलू? म्हटलं, जिपारने पाठवली, जावयाच्या तंबूतली आहे. पुसतील असं वाटलं. पुसली नाही. तेवढ्यात शेजारची शाकेन दही मागायला आली, बघून म्हणाली, “का रे कुबात, मेंढी परत पाठवलीस आणि आचू बसार ओठावर लावून बसलास होय?” ओठ जेवढा हलेल तेवढे ते हसले, मग दुखला म्हणून कळवळले.

काल शाकेनच्या नातवाचा हात किटलीला भाजला, ती पेस्ट मागायला धावत आली. मी तुझा शब्द पाळला, हात थंड पाण्यात धरायला लावला. तर हे तिला म्हणतात, “आमची जिपार सांगते तसंच कर, शहाणी आहे ती.” पाच महिन्यांनी नाव निघालं, पोरी. मी तंबूबाहेर जाऊन रडून घेतलं.

आज सकाळी कागद आणि पेन त्यांनीच माझ्यापुढे ठेवलं. काय लिहू विचारलं तर म्हणाले, “मेंढी आणू नका म्हणावं, भेट मिळाली. चहा राहिलाय तेवढा पिऊन जा.” तेव्हा दोघंही या, एर्मेकच्या वडिलांनाही आणा. कोणत्या दिवशी येता ते उलट टपाली कळव, म्हणजे साय बाजूला ठेवायला बरं. ओठ अजून सुजलेला आहे. बघून हसू नकोस.

तुझीच आई,
अपा