कॅमेऱ्यामागच्या माणसानं वाकायचं नाही

८ एप्रिल

आले एकदाची! इशिगुरेमालक स्वतः छोटा ट्रक घेऊन स्टेशनवर आले होते. माझं सामान बघून म्हणाले, अगं होरिए, नोकरीला आलीस की सासरी? त्यांच्या फोटो स्टुडिओच्या वरची खोली मला दिली आहे. खिडकी उघडली की बंदर, होड्या आणि वाळत टांगलेली मासळी. मालकीणबाईंनी भाजलेला बांगडा वाढला, किसलेल्या मुळ्यासकट, आणि बशी रिकामी दिसली की पुन्हा भरली. ओसाकाच्या कंपनीत इतकी वर्षं काढली, पण जेवलीस का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. इथे मी टिकणार.

१२ एप्रिल

आज कॅमेरा हातात मिळाला. जुना आहे, मालकांचा लाडका. त्याची एक खोड आहे. चित्रण सुरू केलं की एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी तो आपणहून थांबतो. कार्डावर दिवसभराची जागा शिल्लक असली तरी थांबतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. नवे कॅमेरे असे अडत नाहीत असं मी म्हटलं, तर मालक म्हणाले, मग नव्यालाच नोकरीवर ठेवतो, तू जा परत. शिवाय लग्नात, देवळात चित्रणाचा लाल दिवा कुणाच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून त्यांनी दिव्यावर काळी पट्टी चिकटवली आहे. सुरू-बंद होतानाचा टिक आवाजही बंद. म्हणजे तो चालू आहे की थांबलाय, हे मागच्या पडद्याकडे बघूनच कळायचं.

दुसरा नियम त्यांनी पुन्हा पुन्हा बजावला. कॅमेऱ्यामागच्या माणसानं वाकायचं नाही. समोरचा कितीही वाकून नमस्कार करो, आपण खांबासारखं उभं राहायचं. मी तर फोनवर बोलतानाही वाकते. ते बघून मालकीणबाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

२० एप्रिल

सातोए आजींकडे जाऊन आलो. नव्वदीला टेकल्या आहेत, पण जीभ धारदार. होडी परतण्याचा नाच सबंध येणाऱ्या आता त्या एकट्याच. पहिल्या भागात बायका समुद्रावर गेलेल्या होडीला हाका मारतात, दुसऱ्या भागात होडी परत येते. पहिला भाग त्यांची भाची इकुयो शिकली आहे. दुसरा शिकायच्या आत आजींचे गुडघे गेले. म्हणून देवळाच्या मंचावर एकदा अखेरचं नाचायचं, आम्ही चित्रण करायचं आणि त्यावरून इकुयोनं जत्रेपर्यंत शिकायचं.

मी भीत भीत कॅमेऱ्याची खोड सांगितली. आजी म्हणाल्या, म्हणजे माझ्यासारखाच की, मधे दम खातो! मग असं ठरलं की जवळजवळ अर्ध्या तासाचा पहिला भाग संपला की त्या पंखा कपाळाशी धरून, समुद्राकडे बघत, तशाच थांबतील. मी बटण दाबायचं आणि मान लववून खूण करायची. मग त्या पुढचं नाचतील. तू खूण करीपर्यंत मी हलायची नाही, म्हणाल्या.

२६ एप्रिल

काय नाचल्या! गुडघे गेलेत असं कोण म्हणेल? मी पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. मध्यावर त्या थांबल्या, पंखा कपाळाशी, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघून त्यांनी मान किंचित लववली. मी वाकले. सवयीनं, कमरेतून, अगदी मनापासून. वर बघितलं तर होडी परत येत होती आणि माझे डोळे भरले होते.

बटण मी दाबलंच नव्हतं. सगळे पांगल्यावर कळलं. कार्डावर एकच फाइल, पंख्यापाशी संपणारी. बाकी कार्ड रिकामं. किती जागा होती त्यांच्यासाठी!

२७ एप्रिल

आजी काठी टेकत दुकानात आल्या, शुभप्रसंगी करतात तो लाल दाण्यांचा भात घेऊन. विचारलं, सगळं आलं ना ग? मालक शेजारीच उभे होते. मी म्हटलं, हो, सगळं आलं. आजी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, चला, आता मी विसरले तरी चालेल.

भात मला गिळवला नाही. उद्या सांगेन.

१ मे

सांगितलं नाही. मालकांनी फाइल मागितली, चित्रणाची जोडणी चालू आहे म्हटलं.

९ मे

सातोए आजी गेल्या. झोपेतच, दुपारी.

मधे किती दिवस होते माझ्याकडे. एक वाक्य बोलायचं होतं. त्या म्हणाल्या असत्या, गाढव कुठली, चल लाव कॅमेरा, आणि पुन्हा नाचल्या असत्या. नोकरीपायी, छे, नोकरीपायीही नाही. मालकांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून मी एक सबंध होडी बुडवली.

१२ मे

अंत्यविधीत इकुयो माझ्यासमोर वाकल्या. म्हणाल्या, तुमच्यामुळे मावशी निश्चिंत गेली.

घरी येऊन फाइल उघडली. एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांना थांबायला हवी होती. थांबली नाही. आजी पंखा धरून उभ्या आहेत. चित्र गोठलेलं नाही, मागचा कंदील हलतो आहे. मी बंद करीपर्यंत त्या तशाच उभ्या.

१५ मे

फाइल रोज लांबते. आजी हलत नाहीत. त्यांनी शब्द दिलाय ना, खूण होईपर्यंत हलायचं नाही म्हणून.

आज त्यांचा हात थरथरताना दिसला. म्हाताऱ्या माणसाचा हात, किती वेळ वर धरतील? भीती वाटते, पण लाज त्याहून जास्त वाटते.

१८ मे

बालवाडीच्या खेळांचं चित्रण मालकांनी बघितलं. म्हणाले, आयांच्या मागे ही पंखा धरून कोण उभी आहे ग? चित्रण त्यांनी थांबवलं. मग हळूच विचारलं, होरिए, त्या दिवशी तू वाकलीस का?

नाही म्हटलं. पुन्हा.

२१ मे

सकाळपासून उजवा हात कपाळाशी जातो आणि तिथेच राहतो. डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराकडे बघू नये. पावाच्या दुकानातली बाई म्हणाली, ऊन लागतंय वाटतं? पैसे घेऊन ती वाकली आणि माझा हात खाली आला, पावलं वळली, दोन पावलं, एक गिरकी. मला न येणारी. मग हात पुन्हा वर.

हा दुसरा भाग आहे. मी ओळखते, एकदा बघितलाय.

२२ मे

कुरिअरवाला वाकला. शाळेपाशी रहदारी सांभाळणारे आजोबा वाकले. दरवेळी थोडं नाचून होतं आणि झालेलं परत येत नाही, पुढचंच येतं. या देशात माणसं दिवसभर वाकतात. भर रस्त्यात होडी वाया चालली आहे, आणि लोक हसतात.

२३ मे

खोलीतून बाहेर पडले नाही. मालकीणबाईंना दाराबाहेरच ताट ठेवायला सांगितलं. आत येऊ नका, वाकू नका.

शेवट तेवढा उरलाय. होडी काठाला लागते तो. इकुयोंना तो तरी — कॅमेऱ्यासमोर उभी राहीन, त्या वाकतील, नाच येईल. आधी सगळं कबूल करीन. मालकांसमोर.

२४ मे

इकुयो तीनला येणार. पट्टी काढली, लाल दिवा लागलाय, बटण दाबलंय. मी टेबलापाशी, हात कपाळाशी, पावलं आता हलत नाहीत. मुद्दाम बघून घेतलं, दिवा चालू आहे —

आल्या. पण खालीच आहेत. मालक चहा घ्या म्हणताहेत, त्या नको नको, मालक घ्याच —

अजून खालीच. हाक मारते आहे, आवाज फुटत नाही —

लाल दिवा. अजून आहे. आहे —

जिन्यावर पावलं. इकुयो, मी तुमच्या मावशीला फसवलं, हे आधी म्हणायचं, आधी हे —

दिवा विझला —

दार उघडलं, त्या हसताहेत, हात गुडघ्यांवर ठेवताहेत — नका, इकुयो, वाकू नका, बटण, अजून बट