शनिवारचा वर्ग आणि पेमा

शनिवार, १७ एप्रिल २०२१

पुन्हा नेटवर्क गेलं! मिरगीवरचा ऑनलाइन वर्ग अर्धा झाला आणि जान्हवी मॅडम — पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञ — बोलता बोलता तशाच पडद्यावर थिजल्या. मी आरोग्य केंद्राच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून. रेंज फक्त तिथंच मिळते. खाली तापाच्या पेशंटची रांग. पीपीई किट काढून वर आले होते, अंग अजून ओलंच.

काहून करते मी हे? वरिष्ठ म्हणाले, ‘कोरोनात मिरगी कुठं घेऊन बसलात?’ खरं आहे. पण नांदेडला जायला गाडी नाही, फिटचे पेशंट गोळ्या संपल्या की माझ्याच दारात येऊन पडतात. मी त्यांना कुणाकडं पाठवू?

बुधवार, २१ एप्रिल

आज जेवले का, आठवत नाही.

शुक्रवार, २३ एप्रिल

बंजारा तांड्यावरचा नेमसिंग बायकोला घेऊन आला. पेमा. वीस-बावीसची असेल, मान खाली. तिला झोपेत काहीतरी होतं — ओरडते, हातपाय झाडते, पांघरूण भिरकावते. मिनिटभरात शांत. आणि लगेच बोलायला लागते! फेस नाही, दातखीळ नाही.

‘नाटक करून राहिली मॅडम,’ नेमसिंग म्हणाला. ‘हिला काई आजार न्हाई, असं लिहून द्या. तांड्याच्या नायकापुढं, पंचांपुढं ठेवायचंय. मंग हिला हिच्या मायकडं घालून येतो.’

पेमा एवढंच बोलली — ‘मला समदं कळतं. पन थांबवता येत न्हाई.’

शुद्ध जात नाही, म्हणजे मिरगी कशी असेल? मलाही तसंच वाटलं. त्यात इतकी दमलेली की कागद पुढं ओढलाही होता. तेवढ्यात आत एका म्हाताऱ्याचा ऑक्सिजन उतरला. ‘सोमवारी या’ म्हणून पळाले.

म्हातारा गेला.

शनिवार, २४ एप्रिल

आज वर्ग पूर्ण ऐकता आला. जान्हवी मॅडम सांगत होत्या — मेंदूच्या पुढच्या भागातून येणारे झटके पाहणाऱ्याला नाटकच वाटतात. झोपेत येतात, लवकर थांबतात, कितीकांची शुद्धही जात नाही. घरच्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा.

मी पेंगत होते. ताडकन उठून बसले. पेमा!

सोमवार, २६ एप्रिल

व्हिडिओ काढायला सांगावंच लागलं नाही. ‘त्ये तर हायत की!’ नेमसिंगनं मोबाइल पुढं केला. पंचांना दाखवायला काढलेत. हे बघा, कशी ढोंग करते म्हणून.

तीन आहेत. एकात कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल दाबून धरलीय. एकात फोन हलतो, आणि चापट मारल्याचा आवाज येतो. आमच्या सिस्टर गंगूताई शेजारून बघत होत्या. बाहेर निघून गेल्या.

नेमसिंगला बाहेर बसवलं. पेमाला विचारलं, पुण्याच्या डॉक्टरांना पाठवू का? चेहरा झाकून पाठवते.

‘झाकू नका,’ म्हणाली. ‘बघू द्या.’

शुक्रवार, ३० एप्रिल

लसीसाठी भांडणं. घसा बसला. ऐश्वर्याचा हिंगोलीहून फोन — ‘आई, तू कुणाच्या आवाजात बोलतेस?’ घरी जाऊन किती दिवस झाले, मोजत नाही. तिचे बाबा प्रेमानंद तिचं सगळं करतात, म्हणून तरी बरं.

शनिवार, ८ मे

आजच्या वर्गात माझी केस. व्हिडिओ लागला. बाजूला भराभर मेसेज यायला लागले — हिस्टेरिया. नाटक. समुपदेशनाला पाठवा. सगळे माझ्यासारखेच, कुठल्या कुठल्या तालुक्यांतून दमून बसलेले डॉक्टर.

जान्हवी मॅडमनी तिन्ही व्हिडिओ पुन्हा लावले, एकामागून एक. मग म्हणाल्या, ‘आधी डावा हात ताठ होतो. मग ओरडणं. मग पाय. तिन्ही वेळा अगदी तसंच, त्याच क्रमानं. नाटक इतकं सारखं कुणालाही जमत नाही. ही मिरगी आहे. नांदेडला तपासण्या होतील तेव्हा होतील, तोवर गोळी सुरू करा.’

गोळी आमच्या कपाटातच होती! कित्येक दिवसांनी हसले. मास्कमध्ये कुणाला दिसतंय म्हणा.

सोमवार, १० मे

दोघांना समजावून सांगितलं. नाटक नाही, दुखणं आहे. गोळीनं आटोक्यात येतं. संसार करता येतो, लेकरं होतात. गोळी एकही दिवस चुकवायची नाही.

‘म्हंजे मिरगीच व्हय?’ असं नेमसिंग म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पेमानं गोळ्या पदरात बांधल्या. माझ्याकडं बघत राहिली.

गुरुवार, ३ जून

रुग्ण कमी झालेत. थकवा मात्र आत्ता चढतोय अंगावर.

गंगूताईंनी बातमी आणली. पेमा माहेरी आहे. ‘तांड्यावर म्हनून राहिले, मिरगीवाली कोन नांदवंल?’

म्हणजे नाटक म्हणत होते तोवर मार खाऊन का होईना, घरात होती. मी खरं सांगितलं आणि हाकलली तिला. वर्गात हे कुणी शिकवत नाही — आजाराचं नाव सांगितल्यावर त्या बाईचं पुढं काय होतं ते.

शनिवार, १९ जून

शेवटचा वर्ग. मोबाइलवर प्रमाणपत्र आलं. उघडून बघितलं नाही.

मंगळवार, ६ जुलै

पेमा आली. एकटी, जीपनं. महिनाभर झटका नाही! मी म्हणाले, माझ्यामुळं नवऱ्यानं सोडलं तुला.

‘त्यानं न्हाई सोडलं, मॅडम. तो तर न्यायला येऊन राहिला. मीच जात न्हाई. तुमी सांगेपर्यंत मला बी वाटायचं, मीच ढोंग करून राहिले, मार बराबर हाय.’