शेपूट गेलेल्या सरदाराची सोय

मी, खाली सही करणारा, केस कापण्याचा धंदा आटोपून घरी बसलेला इसम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. त्यावर केस नाहीत. पुढे त्याचा संबंध येतो म्हणून नमूद केले.

कलम १. राहते घर व मागचे अंगण माझ्या भावजयीला द्यावे. धाकट्या भावाने तिथे तिच्या मर्जीने राहावे. कारण असे, की माझा कोंबडा 'सरदार' याची शेपटी हिरवट काळी, जमिनीवर लोळणारी होती. तिच्यापायी कोंबड्या त्याच्याभोवती घोटाळत आणि बाकीचे कोंबडे न भांडता खुराड्यातली बसायची वरची, मानाची दांडी त्याच्यासाठी सोडत. एके दिवशी भावाने खुराड्याचे दार सताड उघडे टाकले. मांजर शिरले. सरदार वाचला, शेपटी मुळासकट गेली. नंतर उगवली ती खुरटी. कोंबड्यांनी पाठ फिरवली, वरची दांडीही गेली.

भावाने हळहळ व्यक्त केली आणि तीच पिसे गोळा करून आपल्या भित्र्या कोंबड्याला डिंकाने चिकटवली! कोंबड्यांच्या प्रदर्शनात मिरवायचा होता. दोन कोंबड्या भाळल्यासुद्धा. पण दुसरा कोंबडा अंगावर येताच गडी पाण्याच्या पातेल्यामागे दडला. हे मी विसरलेलो नाही.

कलम २. माझा वस्तरा भावाला. त्याची मिशी मीच आजवर फुकट काळी करत आलो. एकदा ती साफ उतरवून, बायको तरीही पूर्वीसारखीच बोलते का ते पाहावे. बोलेल. तिला त्या मिशीचे कौतुक कधीच नव्हते.

कलम ३. करडी कोंबडी अजून खालच्या दांडीवर सरदाराला खेटून बसते. ती त्याच्यात काय पाहते, मला कळलेले नाही. दोघांची ताटातूट करू नये. दोघांना शेजारच्या शिंपीणबाईंकडे द्यावे. माझ्या डोक्यावर झुलपे होती तेव्हा मला मुली सांगून येत आणि मी नाक मुरडत असे. केस गेले, दुकान गेले, ओटा ओस पडला. या बाई मात्र रोज शिवण घेऊन येऊन बसतात. त्या आल्या नाहीत तर मला करमत नाही.

इथवर लिहून मी बाईंना साक्षीला बोलावले. कागद तपासायला आलेल्या वकीलसाहेबांनी हात आडवा घातला. "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग मला काही नको," बाई म्हणाल्या. "सही कुठे करू?"

"अहो, कोंबडा तरी घ्या," मी म्हणालो.

"कोंबड्यासाठी तुमच्या मरणाची वाट बघत बसू? आत्ताच द्या. आणि तुम्हीही चला. त्याचं खाणंपिणं मला काय कळतंय?"

सबब कलम ३ रद्द. कोंबडा-कोंबडी हयातीतच पोचती केली. तिकडे दांडी एकच आहे.

साक्षीदार : १. शिंपीणबाई २. कोपऱ्यावरचा घड्याळवाला

सही : केस कापणारा, निवृत्त

तारीख : ९ ऑगस्ट

ठिकाण : शिंपीणबाईंचा ओटा ('माझे घर' हे शब्द खोडले आहेत. खाडाखोड मान्य.)